सायकलवरून उतरा, डिगरसे साहेब येऊन राहिले

यशवंतराव डिगरसे रिटायर झाले त्याला सहा वर्षं झाली, पण ही बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. सिंचन खात्याच्या कचेरीत ते बडे बाबू होते. साहेब कधीच नव्हते. साहेब येत, दोन-तीन मोसम पांढुर्ण्याची संत्री फुकट खात आणि बदली होऊन निघून जात. बाबू मात्र तिथल्या लोखंडी कपाटासारखे एकाच जाग्यावर बत्तीस वर्षं उभे राहिले, आणि कपाटासारखेच किल्ली फिरवल्याशिवाय कुणाला उघडले नाहीत.

त्यांच्या टेबलावर एक घंटी होती. टिंग केलं की हिरामण चपराशी आत. पाण्याचा ग्लास हाताशी असायचा, पण तो उचलून हातात द्यायला टिंग. पंखा कमी करायला टिंग, पुन्हा वाढवायला टिंग. कधीकधी काहीच काम नसायचं, तरी हिरामण अजून येतो का हे पाहायला टिंग. माणूस मोठा आहे की लहान, हे घंटी कोण वाजवतो आणि धावतो कोण यावरून ठरतं, असा त्यांचा पक्का हिशेब. बत्तीस वर्षांत एवढं एकच ज्ञान कमावलं आणि तेच घेऊन घरी आले. घरी नलिनीबाईंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "इथं घंटी-बिंटी चालणार नाही, चहा पायजे असंल त स्वयपाकघरात या." मग साहेबांनी घराबाहेर जागा शोधायला सुरुवात केली.

ती त्यांना मिळाली नाल्याकाठी.

पांढुर्णा जिल्हा झाला आणि गावाला आपण एकदम शहर झाल्यासारखं वाटायला लागलं. त्या भरात नाल्याच्या काठानं दीड किलोमीटरचा रस्ता झाला. विटकरी रंगाचे सिमेंटचे ठोकळे, कडेनं कडुनिंबाची रोपं, मधेमधे बाकं. मोटारसायकल शिरू नये म्हणून दोन्ही टोकांना लोखंडी खांब. रस्त्याच्या मधोमध पांढरा पट्टा. पट्ट्याच्या एका बाजूला सायकलचं चित्र, दुसऱ्या बाजूला चालणाऱ्या माणसाचं. चालणाऱ्यानं माणसाच्या चित्रावरून चालावं, सायकलवाल्यानं सायकलच्या चित्रावरून जावं. बालवाडीतल्या लेकराला कळेल इतकं सोपं. म्हणूनच आमच्या थोर मंडळींना ते कळलं नाही.

थोर मंडळी चार. पहिले आपले डिगरसे साहेब. दुसरे अरविंद गुरुजी, रिटायर हेडमास्तर, जे बोलायच्या आधी घसा खाकरतात आणि खाकरून झाल्यावर काय बोलायचं होतं ते विसरतात. तिसरे देवीदास शेठ, कापडवाले, ज्यांचं पोट त्यांच्याआधी दोन पावलं पोचतं. चौथा भूपेंद्र, विमा एजंट, वयानं लहान. तो तब्येतीसाठी चालत नव्हता, बाकीच्या तिघांच्या तब्येतीवर नजर ठेवायला चालत होता.

हे चौघं रोज सकाळी सहाला एका ओळीत चालत. आडव्या ओळीत. कारण उभ्या ओळीत चालायचं म्हटलं की कुणाला तरी मागं राहावं लागतं, आणि साहेबांच्या मते मागून चपराशी चालतो, फाईल घेऊन. गुरुजींच्या मते मागून विद्यार्थी चालतात. शेठच्या मते मागून उधारीवाला. तेव्हा चौघं आडवे, आठ फुटांचा रस्ता या कडेपासून त्या कडेपर्यंत भरलेला, आणि मधोमध, पांढऱ्या पट्ट्यावर, दोन्ही हात पाठीमागं बांधून यशवंतराव. बाकी सगळं पांढुर्णा त्यांच्या मागं तुंबलेलं.

एका सकाळी त्यांच्या पाठीमागं वाजलं. टिंग टिंग.

साहेबांचा पाय हवेत राहिला. आयुष्यभर जी घंटी त्यांनी दुसऱ्यासाठी वाजवली, ती कुणीतरी त्यांच्यासाठी वाजवत होतं. मागं वळून पाहतात तर जुन्या लेडीज सायकलवर एक बाई, हँडलला वांग्यांची थैली, पदर कमरेला खोचलेला. ती उषा कळंबे. रेल्वे लायनीपलीकडच्या वस्तीत राहणारी, मुलींच्या होस्टेलवर स्वयंपाक करणारी.

"ए बाई, घंटी कोनाले वाजवून राहिली तू?"

"तुमालेच, काकाजी. मांगून येऊन राहिली म्हून सांगतलं."

"मले? मी काय चपराशी आहो का?"

"चपराशी कायले म्हनू बाप्पा! पट्ट्याच्या इकडं सायकलचं चित्र हाये. तुमी चौघंही चित्रावर उभे आहा, म्हून वाजवली."

भूपेंद्रला हसू आलं. त्याचा त्यानं लगेच खोकला केला. तिघांपैकी दोघांचे हप्ते यायचे होते.

साहेबांनी आवाज कचेरीतला काढला. "तुह्या गावाकडं मोठा मानूस दिसला त सायकलवरून उतरतेत का नाई?"

आता हा प्रश्न बरोबर जाग्यावर लागला. आपल्याकडे रामाकोन्याला जा, लोधीखेड्याला जा, अजून ही रीत आहे. समोरून सासरा, मामा, गावचा म्हातारा आला की सायकलवरचा माणूस खाली उतरतो, चार पावलं हातानं सायकल ढकलतो, राम राम करतो, मग पुन्हा बसतो. चांगली रीत आहे. पण गावाच्या वाटेवर सकाळी म्हातारे भेटून भेटून किती भेटणार? दोन. या रस्त्यावर सहा ते सात या वेळात चाळीस भेटतात, आणि चाळीसही स्वतःला गावचा पाटील समजतात.

उषा उतरली. काय करणार? वय दिसलं, पांढरे केस दिसले, हात आपोआप ब्रेकवर गेला. तिनं सायकल कडेनं ढकलत नेली आणि जाता जाता म्हणाली, "काकाजी, साडेसहाले भट्टी पेटली पायजे. पोरी साडेसातले शाळेत जातेत. रोज नोका उतरवू मले."

साहेबांनी पहिलं वाक्य ऐकलंच नाही. 'उतरवू' एवढंच ऐकलं, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या तोंडावर तरतरी आली. आपल्याला बघून एक माणूस उतरला! घरी आले ते शीळ घालत. नलिनीबाईंना वाटलं, डॉक्टरनं साखर खायला परवानगी दिली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नगरपालिकेला अर्ज लिहिला, की सायकलवाल्यांनी पायी चालणारा दिसताच खाली उतरावं. अकरा सह्या घेतल्या. सह्या करणाऱ्यांनी वाचलं काहीच नाही. कागद डिगरसे साहेबांचा आहे म्हणजे सही केल्याशिवाय सुटका नाही, हे सगळ्यांना ठाऊक. अर्ज कुठं पोचला, कुणी घेतला, कुणाच्या टेबलाखाली गेला, देव जाणे. उत्तर आलं नाही. उत्तर नाही म्हणजे मंजुरी, असं साहेबांनी ठरवलं. स्वतःच 'सायकलवरून उतरा' अशी पत्र्याची पाटी रंगवून घेतली, नाल्यावरच्या लहान पुलाजवळच्या, म्हणजे पुलियाजवळच्या कडुनिंबाला तारेनं बांधली, आणि गळ्यात शिट्टी अडकवली. शिट्टी! अडुसष्ट वर्षांचा माणूस, पायात पांढरे बूट, पोट कमरेच्या पट्ट्याबाहेर आणि गळ्यात लाल दोरीची शिट्टी. शाळेच्या खेळाच्या दिवशी पोत्याची शर्यत लावायला आलेल्या मास्तरासारखं ध्यान.

आता खरं सांगायचं तर त्या रस्त्यावर सायकलवाल्यांचा त्रास होताच. पण कुणाचा? कुलदीपचा. कुलदीप म्हणजे ठेकेदाराचा चिरंजीव, त्याची गिअरवाली सायकल, कानात गाणी, मान खाली, आणि वेग असा की कबुतरं उडून जात. ना घंटी ना ब्रेक. एकदा अरविंद गुरुजींच्या धोतराला चाटून गेला. गुरुजी खाकरायचंसुद्धा विसरले. त्या वेळी साहेबांच्या तोंडात शिट्टी होती. वाजली का? छे. साहेब हसून म्हणाले, "काय वेग आहे पोराचा! बापासारखाच पुढं जाईल." उतरवायचं होतं ते उतरणाऱ्यांनाच. दुधवाले, गवंडी, कापसाच्या जिनिंगला जाणाऱ्या बाया, आणि उषा. जो थांबतो त्याला थांबवायचं, यात जी बहादुरी आहे ती साहेबांच्या अंगात ठासून भरलेली.

त्यात एक साधी गोष्ट कुणाच्या डोक्यात आली नाही. सायकलवर बसलेला माणूस दोन फूट जागा घेतो. तोच उतरून शेजारी चालायला लागला की चार फूट लागतात, आणि दुधवाला असला तर कॅनसकट पाच. तीस वर्षं गणित शिकवलेले अरविंद गुरुजी रोज त्या गर्दीत घुसमटत होते आणि म्हणत होते, "आजकाल गर्दी फारच वाढली, नाही?" गर्दी तेवढीच होती. ती आता जमिनीवर उतरली होती.

उषाचं मात्र घड्याळ बिघडलं. वस्तीपासून होस्टेलपर्यंत नऊ वेळा उतरायचं, नऊ वेळा चढायचं, मधे साहेबांची शिट्टी आणि समज. सोमवारी वीस मिनिटं उशीर. होस्टेलच्या वॉर्डन तृप्ती मॅडम नव्या होत्या, शिस्तीच्या होत्या. साठ पोरी अर्ध्या पोटी शाळेत गेल्या म्हणून त्यांनी रजिस्टरमधे लाल पेननं 'विलंब' लिहिलं. मंगळवारी पुन्हा लाल. मॅडम म्हणाल्या, "उषाबाई, तीनदा झालं तर मी दुसरी बाई पाहीन. मला मुलींचं बघायचं आहे." उषाच्या नवऱ्याचं जिनिंगचं काम चार महिन्यांचं; बाकीचे आठ महिने घर हिच्या झाऱ्यावर चालायचं.

बुधवारी तिनं हायवे धरून पाहिला. नागपूरकडं जाणारा संत्र्यांचा ट्रक अंगावरून असा गेला की वाऱ्यानं ती सायकलसकट कडेच्या खड्ड्यात. कोपर सोललं, अर्धी वांगी रस्त्यावर चेंदली. वेळेवर पोचली, पण रात्रीचं जेवण आटोपून घरी परतली ती ठणकत्या कोपरानं, पायी, सायकल हातात धरून. गुरुवारी पुन्हा नाल्याकाठी आली आणि सरळ साहेबांसमोर उतरून उभी राहिली.

"काकाजी, हात जोडतो तुमाले. आज उशीर झाला त माही नोकरी जाते. मी धीरं धीरं जाईन, घंटी वाजवून जाईन, कोनाले धक्का लागनार नाई. पन उतरवू नोका."

"नियम म्हणजे नियम. पंधरा मिनिटं आधी निघत जा."

"चारले उठतो मी. आनखी किती आधी?"

"तो तुझा प्रश्न आहे," साहेब म्हणाले. हेच वाक्य त्यांनी कचेरीत पाटाचं पाणी मागायला आलेल्या लोकांना बत्तीस वर्षं ऐकवलं होतं. जिभेला इतकं सवयीचं की आपोआप निघालं.

आणि मग पुलिया आली. तिथं रस्ता अरुंद होतो, पाचच फूट, दोन्हीकडं लोखंडी कठडा. या टोकाकडून उषा, उतरलेली, सायकल शेजारी. तिच्या मागं दुधवाला, उतरलेला, दोन्ही बाजूला कॅन. त्याच्या मागं शाळेच्या सहा पोरी, सहा सायकली, सगळ्या उतरलेल्या, कारण पाटीच तिथं टांगलेली. चौघं थोर उषाला मागं टाकून घाईनं पुलिया ओलांडून गेले होते, आता पलीकडून फिरून परत येत होते. पुलियाच्या तोंडाशी दोन्ही फौजा समोरासमोर.

"मांगं घे," साहेब म्हणाले.

"मांगं दूध हाये," उषा म्हणाली.

"मंग दूध मांगं घे."

"माह्या मांगं पोरी आहेत, साहेब," दुधवाला ओरडला.

उषा म्हणाली, "काकाजी, आयका. आमी सायकलवर बसतो, एकामांगं एक निघून जातो. तुमी चौघं बी एकामांगं एक व्हा, कठड्याच्या बाजूनं. दोन मिनिटाचं काम हाये."

एकामागं एक! चौघांनी एकमेकांकडं पाहिलं. म्हणजे पुढं कोण?

"गुरुजी, तुम्ही व्हा पुढं," साहेब म्हणाले, अशा आवाजात की गुरुजींनी नाही म्हणावं.

"छे छे, आपण," गुरुजी म्हणाले. पण हलले नाहीत.

देवीदास शेठ म्हणाले, "वयानं मोठा मीच आहो तसा, पन जाऊ द्या." भूपेंद्र म्हणाला, "मी सगळ्यात मागं राहतो," त्यावर साहेब म्हणाले, "तू राहा, पण तुझ्या पुढचा कोण ते ठरू दे." आणि हे ठरेना. पोरी खिदळायला लागल्या. दुधवाल्यानं कॅन खाली ठेवून तंबाखू मळून घेतली. साहेबांनी शिट्टी वाजवली, खिशातून डायरी काढली आणि घड्याळ पाहून काहीतरी लिहिलं. पुन्हा शिट्टी, पुन्हा डायरी. सतरा मिनिटं. उषा प्रत्येक मिनिटाला होस्टेलच्या दिशेनं पाहत होती.

मग तिनं पदर पुन्हा कमरेला खोचला. पाय टाकून सायकलवर बसली आणि घंटी वाजवायला लागली. टिंग टिंग टिंग टिंग, अंगठा थांबेचना. हळूहळू, माणसाच्या चालीनं, सरळ पुढं. शेठचं पोट पहिल्यांदा आत गेलं. गुरुजी कठड्याला चिकटले. भूपेंद्र कधीच चिकटला होता. त्यांच्यामागून दुधवाला बसला, पोरी बसल्या, एकेक करून सगळ्या निघून गेल्या, कुणाचं बोट कुणाला लागलं नाही. अर्धं मिनिटसुद्धा लागलं नसेल. पट्ट्यावर एकटे साहेब उरले, तोंडात शिट्टी, आणि ती वाजवायला फुफ्फुसात हवा नाही.

पण उषाला उशीर झालाच. लाल पेन तिसऱ्यांदा चाललं. तृप्ती मॅडम म्हणाल्या, "रस्त्यात अडवतात हे तुम्ही रोज सांगता. कोण अडवेल हो स्वयंपाकाला निघालेल्या बाईला? लेखी काही आहे का?" उषाकडं लेखी काय असणार? सोललेलं कोपर होतं, ते तिनं दाखवलं नाही. मॅडमनी सोमवारपासून नवी बाई बोलवायचं ठरवलं.

लेखी होतं ते साहेबांकडं. त्या दुपारी ते जेवले नाहीत. बाईनं घंटी वाजवली, एवढी वाजवली, चारचौघांत वाजवली! तक्रार करायचीच, आणि वर करायची. अर्ज लिहिण्यासाठीच माणूस जन्मला होता. डायरी उघडली आणि, सीमेच्या या बाजूला कचेरी हिंदीत चालते म्हणून, शुद्ध हिंदीत चार पानं भरली. त्याचा मराठी मतलब असा: सोमवारी सहा वाजून बारा मिनिटांपासून सहा पस्तीसपर्यंत सदर महिलेस थांबवून समज दिली. मंगळवारी सहा दहा ते सहा बत्तीस, तसंच. गुरुवारी सहा आठ ते सहा पंचवीस पुलियावर रोखून ठेवलं, त्यानंतर महिलेनं रोखणं अमान्य केलं. म्हणून अशा उद्धट महिलेस कामावरून काढावं. एक प्रत वॉर्डनला, एक नगरपालिकेला, एक जिल्ह्याच्या मोठ्या कचेरीला. प्रत्येक पानावर सही आणि खाली शिक्का. हो, रिटायर माणसानं स्वतःच्या नावाचा रबरी शिक्का करून ठेवलेला आहे.

शनिवारी कडक इस्त्रीचा शर्ट घालून ते स्वतः होस्टेलवर गेले. तृप्ती मॅडमनी अर्ज वाचला. मग रजिस्टर काढून शेजारी ठेवलं आणि पुन्हा वाचला.

"या वेळा बरोबर आहेत?"

"मॅडम, घड्याळ रोज रेल्वेच्या टाइमाशी मिळवतो. एक मिनिट इकडचं तिकडं होणार नाही."

"आणि तिन्ही दिवस तुम्हीच थांबवलं? दुसरं कुणी नाही?"

साहेबांची छाती फुगली. "मीच. एकट्यानं. कुणाची मदत घेतली नाही."

"तुम्हाला हे काम कुणी दिलंय?"

"जनहिताचं काम कुणी देत नसतं, मॅडम."

"बरं. इथं आणखी एक सही करा. 'वरील सर्व मी स्वतः केलं' असं लिहून."

साहेबांनी लिहिलं, सही केली, शिक्का मारला, आणि पावती मागून घेतली. घरी जाताना त्यांना वाटलं, एवढी समजदार बाई या होस्टेलला पहिल्यांदाच मिळाली.

समजदार होतीच. तिनं तिन्ही लाल शेऱ्यांवर रेघ मारली, समोर लिहिलं 'कारण सोबत जोडलं आहे', आणि साहेबांची चार पानं टाचणीनं लावली. सोमवारी भट्टी उषानंच पेटवली. नगरपालिकेत गेलेली प्रतही या वेळी टेबलाखाली गेली नाही. वाचणाऱ्याला विचारावंसं वाटलं की सार्वजनिक रस्त्यावर गळ्यात शिट्टी घालून लोकांना अडवणारा हा कोण. दोन माणसं आली, कडुनिंबाची पाटी काढून घेऊन गेली, आणि पांढरा पट्टा नव्यानं मारून गेली. मोठ्या कचेरीतून साहेबांच्या घरी दोन ओळींचं पत्र आलं. त्यात काय होतं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही, म्हणून ते सगळ्या गल्लीला माहीत आहे.

आता गुरुजी, शेठ आणि भूपेंद्र माणसाच्या चित्रावरून एकामागं एक जातात. पुढं रोज वेगळा, आळीपाळीनं. हा तोडगा गुरुजींनी काढला, एवढ्या गणिताचा शेवटी काहीतरी उपयोग झाला. मागून घंटी आली की कुणी दचकत नाही, डावीकडं अर्धं पाऊल सरकतात. कुलदीपसुद्धा हल्ली हळू जातो, कारण होस्टेलच्या पोरींनी सांगितल्यावर तृप्ती मॅडमनी त्याच्या बापाला फोन केला होता. साहेब रांगेत चालायला तयार नाहीत. ते बाकावर बसतात.

परवा उषा तिथं थांबली. सायकलवरूनच, एक पाय जमिनीला टेकवून. थैलीतून डबा काढला.

"काकाजी, तुमी टाइम लिहून नसता ठेवला त माही नोकरी गेली असती. तुमचे लय उपकार झाले माह्यावर. मॅडमनं सांगतलं, साहेबाले पोहे देजो."

तिच्या तोंडावर थट्टा होती की नाही, हे बाजूच्या बाकावर बसलेल्यांनासुद्धा कळलं नाही. साहेब डब्याकडं पाहत राहिले. परत करावा तर आपण तिची नोकरी घालवायला गेलो होतो हे कबूल करावं लागतं. घ्यावा तर बाईचं काम आपण टिकवलं हे मान्य होतं. तोपर्यंत ती टिंग टिंग करत निघूनसुद्धा गेली.

पोहे त्यांनी खाल्ले. सगळे खाल्ले. आणि मग शेजारच्या बाकाकडं वळून म्हणाले, "मीठ कमी आहे. लेखी कळवावं लागेल."